आधी अंकुर, मग फी



बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे येणाऱ्या चौकशीचा रोख बदलतो. एरवी तोडणीची तारीख, पहिली उचल, ठिबकचे अनुदान, खोडव्याचे खत हे नेहमीचे विषय असतात. निकालानंतरचे पंधरा दिवस मात्र मुलांच्या शिक्षणाचे. इंजिनिअरिंग, डॉक्टरकी, नर्सिंग, बी.एस्सी. अॅग्री हे आता आपल्याकडे घरोघरी माहीत झाले आहे. अलीकडे त्यात एक नवा प्रश्न येऊ लागला आहे, आणि तो विचारताना सभासदाचा आवाज जरा खाली येतो. "पोरगी म्हणतीया मुंबईला जाऊन मीडिया शिकते. हे काय असतंय? आणि ह्यात पैसा घालावा का न्हाई?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा ठेवायचा, लाईटच्या वेळा सांभाळत रात्री-अपरात्री पाणी द्यायचे, टोळीची वाट बघायची, आणि मग जे बिल हाती येते त्यातून सोसायटी भागवून जे उरते ते मुलांच्या शिक्षणाला. तो पैसा कुठे घालायचा हे बापाने दहा वेळा विचारावे, यात काही गैर नाही. मुलांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. "सिनेमाचं खूळ" असे म्हणून विषय झटकून टाकला तर एखादे खरोखरीचे कसब घरातच सुकून जाते. म्हणून या अंकात हे शिक्षण म्हणजे काय, त्यात कष्ट कोणते, पोट भरते का, आणि फी भरण्याआधी काय तपासावे, याची माहिती देत आहोत.

फणसवाडी : नावातच शेती

या माहितीसाठी आम्ही मुंबईत गिरगावच्या फणसवाडीत जाऊन आलो. फणसवाडी म्हटल्यावर कोकणातले एखादे खेडे डोळ्यांपुढे येईल, पण ही ठाकूरद्वारच्या अंगाची, भर वस्तीतली. आजूबाजूची नावे ऐका : जांभूळवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट. वाडी म्हणजे काय आणि भाट म्हणजे काय, हे शेतकऱ्याला कोणी समजावून सांगायला नको. आज जिथे चाळी आहेत आणि चाळी पाडून उंच इमारती उठत आहेत, तिथे एके काळी झाडे होती, पीक होते, एवढे त्या नावांनी जपून ठेवले आहे. वाडीत बालाजीचे मंदिर आहे. सकाळी मंदिराची घंटा, फेरीवाल्याची हाक आणि प्रत्येक खोलीतल्या कुकरची शिट्टी एकदमच कानावर येतात. त्या आवाजांची गंमत पुढे सांगतो.

आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका सभासदाची मुलगी इथे मावशीच्या खोलीत राहून जवळच्याच एका महाविद्यालयात हे शिक्षण घेत आहे. नाव छापू नका, असे तिने आणि तिच्या वडिलांनी सांगितले. ते आम्ही पाळतो.

फणसवाडीला जाण्याचे आणखी एक कारण होते. ज्या धंद्याचे हे शिक्षण, त्याचा आपल्या देशातला पाळणा याच परिसरात हलला. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईकरांनी पहिल्यांदा पाहिली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची कुस्ती चित्रित केली. म्हणजे आपल्या देशी माणसाने कॅमेरा हातात घेतला तो पहिल्यांदा कुस्ती दाखवण्यासाठी! ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातल्याच कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट गिरगावच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. मॅजेस्टिक थिएटर आता राहिलेले नाही. परंतु चौपाटीवरचे विल्सन, धोबी तलावाजवळचे झेवियर्स ही जुनी महाविद्यालये आजही फणसवाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि हे शिक्षण अशाच महाविद्यालयांतून मिळते. झेवियर्सच्याच आवारात १९६९ सालापासून झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स ही संस्था आहे.

वाटाण्याची गोष्ट

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट येथे जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण आजच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे.

धुंडिराज गोविंद फाळके हे त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. वडील शास्त्री. विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली म्हणून कुटुंब मुंबईस आले. १८८५ मध्ये फाळके जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, फोटोग्राफी शिकले. छपाईचा धंदा केला, भागीदारांशी पटले नाही, सोडला. चाळिशीच्या घरात असताना गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि डोक्यात घेतले की आपले राम-कृष्ण असेच पडद्यावर यावेत. रात्रंदिवस चित्रपट बघून डोळे बिघडले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले, तिथल्या जाणकारांकडून काम समजून घेतले, कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र विकत घेऊन आले.

आता पुढची गोष्ट शेतकऱ्याने ध्यान देऊन ऐकावी. परत आल्यावर पैसा कोण देणार? सावकार म्हणणार, दाखवा काय येते ते. फाळक्यांनी काय केले, तर कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला. समोर कॅमेरा रोवला. दाणा फुटला, कोंब वर आला, पाने उलगडली, वेल चढला, आणि हे सगळे महिनाभर थोडे थोडे चित्रित करत राहिले. मग ते पडद्यावर दाखवले तेव्हा महिन्याची वाढ मिनिटभरात डोळ्यांसमोर घडली! 'अंकुराची वाढ' हे त्या छोट्या चित्रपटाचे नाव. तो पाहून पैसा लावणारा मिळाला. पत्नी सरस्वतीबाई रात्री फिल्मला भोके पाडत, चित्रीकरणात उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, आणि सगळ्या ताफ्याचा स्वयंपाकही करत. एवढे झाल्यावर 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला.

मोठा पैसा घालण्याआधी माणसाने जवळ आहे त्या साधनात अंकुर दाखवला, हे यातले लक्षात ठेवण्यासारखे. या लेखाचा सगळा सारांश म्हटला तर एवढाच आहे. बाकीची माहिती त्याच्या अनुषंगाने.

तीन वर्षांत शिकवतात काय?

मुंबई विद्यापीठात साधारण २००० सालाच्या सुमारास 'बॅचलर ऑफ मास मीडिया', बोलीत बी.एम.एम., हा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आला. २०१९-२० पासून त्याचे नाव बदलून 'बी.ए. इन मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन' असे झाले. कला, वाणिज्य, विज्ञान, कोणत्याही शाखेची बारावी चालते. काही महाविद्यालयांनी हा अभ्यासक्रम मराठी माध्यमातूनही चालवला आहे. निव्वळ चित्रपट-दूरचित्रवाणीच्या निर्मितीकडे जायचे असेल त्यांच्यासाठी 'फिल्म, टेलिव्हिजन अँड न्यू मीडिया प्रॉडक्शन' अशी वेगळी बी.ए. आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी आणि चौथे वर्ष केले तर ऑनर्स, अशी सोय आता झाली आहे.

मास मीडियाच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी लिहिणे-बोलणे, वृत्तपत्र-रेडिओ-सिनेमाचा इतिहास, जाहिरात आणि पत्रकारितेची तोंडओळख. दुसऱ्या वर्षी फोटोग्राफी, चित्रपट, आकाशवाणी-दूरचित्रवाणी, संगणकावरचे काम, प्रसारमाध्यमांचे कायदे. तिसऱ्या वर्षी जाहिरात की पत्रकारिता, अशी वाट निवडायची. निर्मितीच्या अभ्यासक्रमात पटकथा, दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन या हातकामावर भर अधिक.

हे सगळे कागदावर झाले. प्रत्यक्षात काय चालते ते फणसवाडीच्या गॅलरीत उभे राहून आम्ही पाहिले. आपल्या सभासदाच्या मुलीला आणि तिच्या चार सोबत्यांना तीन मिनिटांची एक फिल्म करायची होती. विषय : चाळीतला पाण्याच्या वेळेचा एक तास. पाच जणांत कामे वाटलेली. एक कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक कोणी कुठे उभे राहायचे ते सांगणारी, एक वेळ आणि नोंदी ठेवणारा, एक शेजाऱ्यांची परवानगी काढून त्यांना चहा पाजणारा. आम्ही विचारले, चहा पाजणे हे शिक्षणात येते का? मुलगी म्हणाली, "काका, त्यालाच प्रॉडक्शन म्हणत्यात. लोकांनी दार लावून घेतलं तर कॅमेरा कुणावर धरायचा?" उत्तर पटले. तोडणी यंत्रणा आणि शेतकी खाते यांची गाठ जुळली नाही तर गव्हाण रिकामी फिरते, त्यातलाच हा प्रकार.

आवाजाची गंमत सांगायची राहिली होती. आवाजावर बसलेल्या मुलाने सर्वांना हात करून गप्प केले आणि अर्धा मिनिट नुसती रिकामी गॅलरी टेप केली. कोणी बोलत नाही, कोणी हलत नाही, तर टेप कशाची करायची? तो म्हणाला, गप्प असलेल्या प्रत्येक जागेचा आपापला आवाज असतो. फणसवाडीची शांतता वेगळी आणि रानातल्या खोपीतली वेगळी. दोन तुकडे जोडताना मध्ये तो नसला तर ऐकणाऱ्याच्या कानाला खड्डा लागतो. घंटेचा आणि कुकरचा आवाजही त्याने वेगवेगळा घेऊन ठेवला, म्हणजे हवा तिथे घालता येतो आणि नको तिथून काढता येतो.

उताऱ्याचा हिशेब

मग संकलन, म्हणजे एडिटिंग. हे काम संगणकावर बसून होते आणि आपल्या सभासदाला ते चटकन समजेल, कारण ते उताऱ्यासारखे आहे. शंभर किलो ऊस गाळला की साखर निघते दहा-अकरा किलो, फार झाले तर बारा. या मुलांनी चित्रीकरण केले तासाभराचे आणि फिल्म ठेवायची तीन मिनिटांची. म्हणजे पाच टक्के उतारा! बाकीचे सत्तावन्न मिनिटांचे काम टाकून द्यायचे. त्यात स्वतःला फार आवडलेला एखादा देखावाही असतो. तो कापताना जीव तुटतो. पण तो ठेवला तर पुढचा-मागचा धागा सुटतो. शिक्षकांपुढे प्रत्येक तुकड्याचे उत्तर द्यावे लागते : हा इथे का? आणि आता, याआधी का नाही? मुलगी म्हणाली, पहिल्या वर्षी तिने रडून घेतले होते, आता कात्री चालवता येते.

हे आम्ही मुद्दाम लांबवून सांगितले, कारण बाहेरून बघणाऱ्याला या धंद्यातले फक्त नटनट्यांचे फोटो दिसतात. शिक्षण मात्र असल्या बारीकसारीक, वेळखाऊ कामाचे आहे. कॅमेऱ्याने सेकंदाला पंचवीस चित्रे घ्यायची, उजेड किती आत सोडायचा, पांढरा रंग पांढराच दिसतो की पिवळा मारतो, हे हजार वेळा करून डोळ्यात बसवायचे. कुलुपे-किल्ल्या, तारा, बॅटऱ्या यांची मोजदाद करायची. उचलून न्यायचे, परत आणायचे.

मुलींच्या बाबतीत एक शब्द. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचे काम करायला बाई मिळाली नाही. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांनी लुगडे नेसून ते केले. आज कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना मुली आहेत, आणि फणसवाडीतल्या त्या पाचांतही मुली होत्या. काळ एवढा पुढे आला आहे. राहण्याची खात्रीची जागा मात्र प्रत्येक बापाने आधी बघावी. या मुलीला मावशीची खोली होती म्हणून सोपे गेले.

पोट भरते का?

खोटी आशा दाखवणे हे आपल्या पत्रिकेचे काम नाही, म्हणून सरळ सांगतो. ही पदवी घेतली की अमुक पगाराची नोकरी ठरलेली, असे नाही. काम अनेक ठिकाणी आहे : वृत्तवाहिन्या, जाहिरात कंपन्या, मालिका, चित्रपट, कंपन्यांचे माहितीपट, लग्नसमारंभ, आणि आता मोबाईलवर बघितल्या जाणाऱ्या असंख्य चित्रफिती. पण बरेचसे काम कंत्राटी, एका कामापुरते. आपल्यासारखाच हंगाम : असेल तेव्हा बारा-बारा तास, नसेल तेव्हा फोनकडे बघत बसायचे. पैशाचेही तसेच. उसाच्या बाबतीत १९६६ च्या नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत एफ.आर.पी. देण्याचे बंधन आहे आणि उशीर झाला तर व्याज मागता येते. मालिकांच्या धंद्यात काम झाल्यावर तीन महिन्यांनी पैसे देण्याची पद्धत पुष्कळ वर्षे रूढ आहे. म्हणजे शिक्षण संपल्यावरही वर्ष-दोन वर्षे मुलाला मुंबईत टिकून राहण्याची तजवीज घरच्यांना धरून चालावी लागते. हा खर्च फीच्या पावतीवर छापलेला नसतो.

दुसरी बाजूही खरी आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी अहिल्यानगरच्या (तेव्हाच्या अहमदनगरच्या) न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापनाचे पदव्युत्तर शिक्षण घेताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'फँड्री' आणि २०१६ मधला 'सैराट' आपण सर्वांनी पाहिला आहे. भाऊराव कऱ्हाडे यांनी 'ख्वाडा' हा मेंढपाळांच्या जगण्यावरचा चित्रपट जमीन विकून पुरा केला. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. ही उदाहरणे अभिमानाची आहेत. पण जमीन विकण्याचा भाग कोणी कित्ता म्हणून गिरवू नये. पुरस्कार मिळालेल्याचे नाव छापून येते. जमीन गेली आणि चित्रपटही डब्यात राहिला, त्यांची नावे कोणी छापत नाही.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत ती सरकारने काढली. तिथल्या बहुतेक मुख्य अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते आणि प्रवेश परीक्षा असते. म्हणजे बारावीनंतर लगेच तिथे, असे होत नाही. ही तीन वर्षांची पदवी त्या वाटेवरचा एक टप्पा होऊ शकते.

आपल्याला याचे काय?

एखादा सभासद म्हणेल, पोरांचे पोरे बघतील, कारखान्याच्या पत्रिकेने यात एवढे का पडावे? त्याला कारण आहे. शेतकऱ्याची गोष्ट कोणीतरी सांगतच असते. प्रश्न एवढाच की ती कोण सांगतो.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. सावकाराने जमीन गिळल्यावर देशोधडीला लागलेला तरुण शेतकरी त्यात व्ही. शांताराम यांनी केला होता. आपल्याकडे सहकार रुजण्याच्या कितीतरी आधी आपले दुःख एका कलावंताने पडद्यावर मांडले. पन्नास वर्षांनी, १९७५ च्या सुमारास, 'सामना' आला. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, विजय तेंडुलकर यांचे लेखन, आणि निळू फुले यांनी उभा केलेला साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील. तो चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला. साखर कारखानदारीतल्या माणसांना तो झोंबला असेल. झोंबावा असाच होता. आरसा दाखवणाऱ्यावर रागावून तोंड स्वच्छ होत नाही.

त्याच तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला श्याम बेनेगल यांचा 'मंथन' १९७६ चा. गुजरातच्या दूध सहकारावरचा हा चित्रपट काढायला पैसा कोणी दिला? पाच लाख दूध उत्पादकांनी, प्रत्येकी दोन रुपये. दहा लाख रुपये असे उभे राहिले आणि चित्रपटाच्या सुरुवातीला निर्माते म्हणून त्या शेतकऱ्यांचाच उल्लेख आहे. स्वतःचा चित्रपट बघायला ते गाड्या भरभरून गेले. २०२४ मध्ये त्याची दुरुस्त केलेली प्रत फ्रान्समध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. भागभांडवल म्हणजे काय हे ज्याला कळते, त्याला ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि 'आमची माती, आमची माणसं' या कार्यक्रमाने शेतीची माहिती घरात आणली. आज ते काम प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलवर आले आहे. पण काय येते तिथे? कोणीही उठतो, अमुक औषध मारा, एकरी शंभर टनांची हमी, म्हणतो. पाचट न जाळता खोडवा कसा राखावा, वजनकाट्यावर काय बघावे, तोडणी मजुरांची मुले हंगामात शाळेत जातात की नाही, हे नीट, खरे आणि आपल्या बोलीत दाखवणारी पोरे आपल्याच गावातून शिकून आली तर ती नकोत का?

फी भरण्याआधी

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पैसा घालावा का? आमचे म्हणणे असे की आधी अंकुर बघावा, मग फी भरावी. त्यासाठी चार गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट घरीच करायची, आणि तिला खर्च नाही. रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये उसाचा एक डोळा लावा. समोर घरातलाच मोबाईल पक्का बांधा, बाजूला एक दिवा सारखा चालू ठेवा. दर तीन तासांनी एक फोटो, दिवसा आणि रात्रीही. दिवसाला आठ, महिन्यात दोनशे चाळीस. सेकंदाला पंचवीस फोटो धरले तर सगळी मिळून दहा सेकंदांची फिल्म होईल. दहा सेकंदांसाठी महिनाभर रात्री उठणारे पोर असेल तर त्याच्यात अंकुर आहे. चौथ्या दिवशी कंटाळले तर तेही बरे झाले, कळले तरी! फाळक्यांचा वाटाणा तो हाच.

दुसरी गोष्ट, महाविद्यालयाची पाटी आणि रंगीत पुस्तिका बाजूला ठेवून तिथली साधने बघा. कॅमेरे किती, मुले किती, आणि एका मुलाच्या हातात वर्षातून किती वेळा कॅमेरा येतो, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. त्यांनी केलेल्या फिल्म दाखवायला सांगा. बियाणे घेताना आपण दुकानदाराचे ऐकतो खरे, पण शेवटी शेजाऱ्याच्या रानातले पीक बघूनच ठरवतो.

तिसरी गोष्ट, फीचा पूर्ण हिशेब. हे अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असतात. त्यामुळे साध्या बी.ए., बी.कॉम.पेक्षा फी जास्त असते. अनुदानित आणि विनाअनुदानित अभ्यासक्रमांना शिष्यवृत्त्या आणि सवलती वेगवेगळ्या लागू होतात. आपल्या मुलाला कोणती बसते ते प्रवेशाआधीच महाविद्यालयाच्या कार्यालयात आणि महाडीबीटीच्या पोर्टलवर पाहून घ्या. पदवी विद्यापीठाची आहे की संस्थेचे नुसतेच प्रमाणपत्र, हेही लेखी विचारा. तीन वर्षांचे राहणे, खाणे आणि नंतरचे टिकून राहण्याचे एक वर्ष यांचा आकडा कागदावर मांडा.

चौथी गोष्ट, मुलाच्या हाताला एक तरी पक्के कसब लागू द्या. "मीडिया" हे काही कसब नव्हे. आवाज घेणे, संकलन करणे, कॅमेरा चालवणे, लिहिणे, यांतले एक असे यावे की नाव न सांगता काम ओळखू यावे. आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांचे एकमत दिसले की चांगला ध्वनिमुद्रक आणि चांगला संकलक रिकामा फार दिवस बसत नाही. दिग्दर्शक व्हायला सगळेच निघतात.

त्या मुलीच्या वडिलांना आम्ही शेवटी विचारले, आता काय वाटते? ते म्हणाले, "बारावीच्या सुट्टीत तिनं टोळीच्या कोप्यांवर जाऊन मोबाईलवर कायतरी केलं हुतं. रातच्याला चुलीपुढं बसलेली माणसं. मी बघितलं, आणि म्हटलं, ही माणसं बारा वर्सं आपल्या रानात येत्यात, मी कधी अशी बघितलीच न्हवती. मग सोसायटीचं थोडं मागं ठेवलं आन् फी भरली. पुढचं तिचं तिच्या हातात."

आमचीही एक सूचना आहे. सभासदांच्या ज्या मुलामुलींनी उसाच्या डोळ्याची दहा सेकंदांची फिल्म किंवा आपल्या वाडीवस्तीवरची तीन मिनिटांची फिल्म केली असेल, ती वार्षिक सभेच्या दिवशी मंडपातल्या पडद्यावर दाखवावी. अहवालवाचनाआधी अर्धा तास त्याला सहज काढता येईल. सभासदांनी याबाबत आपले मत गटकार्यालयात कळवावे, ही विनंती.